तपासणीही त्याच यंत्राकडे: ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ प्रकरणाचा अभ्यास

न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयात २०२३ साली निकाली निघालेले ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ हे प्रकरण वकिली व्यवसायात एव्हाना बहुतेकांच्या कानावर आलेले आहे. चॅटजीपीटीने रचून दिलेले, प्रत्यक्षात कधीही अस्तित्वात नसलेले न्यायनिवाडे वकिलांनी न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला, एवढ्यावर ते सांगून संपवले जाते. हे सगळे खरे आहे. मात्र त्यावरून ‘यंत्र चुकते, जपून वापरा’ एवढाच बोध घेतला तर प्रकरणातला सर्वांत उपयुक्त भाग हातचा जातो. निकालपत्र मुळातून वाचले की लक्षात येते, न्यायालयाने संभाषणी यंत्राची मदत घेतल्याबद्दल कोणालाही दोषी धरलेले नाही. विश्वासार्ह साधनाची मदत घेण्यात मुळात काही गैर नाही, असे निकालपत्राच्या सुरुवातीलाच नमूद आहे. ठपका आहे तो त्यानंतरच्या सुमारे तीन महिन्यांतील वर्तनावर. त्या काळात शंका घेण्याजोगे प्रसंग एकामागून एक येत गेले, आणि शंकेचे निरसन एकतर केलेच गेले नाही किंवा ज्या यंत्राकडून चूक झाली होती त्याच यंत्राकडून करून घेतले गेले.

पुढील विवेचन याच अंगाने केले आहे, कारण करारांच्या कामात हेच घडले तर ते उघडकीस येण्याची शक्यता न्यायालयातल्यापेक्षा बरीच कमी असते.

वाद आणि त्यातला कायद्याचा प्रश्न

२७ ऑगस्ट २०१९ रोजी एल साल्वाडोरहून न्यूयॉर्कला येणाऱ्या एव्हियांकाच्या विमानात खाद्यपदार्थ वाटण्याची धातूची गाडी गुडघ्यावर आदळून आपल्याला इजा झाली, अशी एका प्रवाशाची तक्रार होती. त्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील इजा असल्यामुळे या दाव्याला माँट्रियल करार लागू होतो, या आधारावर विमान कंपनीने तो फेडरल न्यायालयात वळवून घेतला आणि १३ जानेवारी २०२३ रोजी तो मुदतबाह्य असल्याने फेटाळावा असा अर्ज केला.

अर्जाचा मुद्दा साधा होता. माँट्रियल कराराच्या कलम ३५ नुसार विमान पोहोचल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर नुकसानभरपाईचा हक्कच संपतो. ऑगस्ट २०१९ ला दोन वर्षे मिळवली की ऑगस्ट २०२१ येते, आणि दावा लागला फेब्रुवारी २०२२ मध्ये. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात वैयक्तिक इजेच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असल्याने तो कायदा लागू झाला असता तर दावा मुदतीत बसला असता. पण प्रश्न आंतरराष्ट्रीय कराराचा होता. वादीच्या बाजूने वापरता येण्याजोगी एक फट मात्र होती. एव्हियांकाने १० मे २०२० रोजी दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली संरक्षण मागितले होते आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती त्यातून बाहेर आली होती. दिवाळखोरीचा अर्ज होताच कंपनीविरुद्धच्या दाव्यांना आपोआप स्थगिती मिळते. मग त्या स्थगितीच्या काळात मुदतीचे घड्याळही थांबते काय? कोणताही वकील विचारेल असाच हा प्रश्न आहे. अडचण अशी की कलम ३५ मधील दोन वर्षे ही सामान्य मुदत नसून हक्काचीच पूर्वअट आहे आणि ती वाढत नाही, याकडेच न्यायालयांचा कल राहिलेला आहे. सारांश, वादीची बाजू कमकुवत होती, आणि तिला अनुकूल निवाडे फारसे मिळणार नाहीत हे थोड्याशा खऱ्या संशोधनानंतरच कळले असते.

या कामात वादीकडून दोन वकील होते. संशोधन आणि लेखन करणारे वकील तीस वर्षांहून अधिक काळ व्यवसायात होते, परंतु त्यांना या फेडरल न्यायालयात काम चालवण्याची सनद नव्हती. म्हणून त्याच कार्यालयातील दुसऱ्या वकिलांनी वकीलपत्र दाखल केले आणि पुढच्या कागदांवर सह्या केल्या. लिहिणारा एक आणि सही करणारा दुसरा, ही विभागणी या प्रकरणात वाटते त्याहून महत्त्वाची आहे, कारण फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ११ नुसार कागदावर सही करणारा वकील त्यातील कायदेशीर विधाने वाजवी चौकशीनंतर केली असल्याची हमी देत असतो. सही करणाऱ्या वकिलांनी उद्धृत केलेला एकही निवाडा उघडून पाहिला नव्हता. सहकाऱ्याच्या अनुभवावर त्यांची भिस्त होती.

संभाषण कसे पुढे सरकले

संशोधन करणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात न्यायनिवाड्यांच्या एका ऑनलाइन संग्रहाची वर्गणी होती, पण तीतून फेडरल निवाडे फार मर्यादित प्रमाणात मिळत. म्हणून ते चॅटजीपीटीकडे वळले. ते जणू एक जबरदस्त शोधयंत्र आहे अशी आपली समजूत होती, असे त्यांनी नंतर न्यायालयात सांगितले. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस लोकांसमोर आले होते. ही समजूत करून घेणारे ते काही एकटे नव्हते.

त्यांनी विचारलेले प्रश्न नोंदीवर आले आहेत आणि ते क्रमाने वाचण्याजोगे आहेत. पहिली सूचना अशी होती की प्रतिवादीच्या दिवाळखोरीमुळे माँट्रियल कराराखालील मुदत थांबते असा युक्तिवाद करून दाखव. यंत्राने माँट्रियल करार, मुदतीचे नियम आणि दिवाळखोरीतील स्थगिती यांचे सर्वसाधारण वर्णन केले, उत्तर दावा कुठल्या देशात लावला आहे यावर अवलंबून असल्याचे म्हटले आणि मग मुदत थांबते असे विधान केले. या उत्तरात एकही निवाडा नव्हता. पुढची सूचना याला आधार देणारे निवाडे दे अशी होती, त्यानंतरची विमान कंपनीच्या दिवाळखोरीमुळे मुदत थांबल्याचे फेडरल न्यायालयांचे नेमके निर्णय दाखव अशी, आणि त्याहीनंतरची आणखी निवाडे दाखव अशी. प्रत्येक सूचनेला यंत्राने मागितले ते दिले.

येथे थोडे थांबायला हवे. या सूचनांपैकी एकीतही ‘असा निवाडा आहे का’ असे विचारलेले नाही. निवाडा आहे हे गृहीत धरून तो सादर करण्याची मागणी आहे, आणि दर पायरीला मागणी अधिक नेमकी होत गेली आहे. भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) वापरून उत्तर देणारे यंत्र पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज प्रचंड मजकुरावरून शिकलेल्या नमुन्यांच्या आधारे बांधते. अमेरिकी निवाड्याचा संदर्भ ही तर अत्यंत साचेबद्ध गोष्ट आहे: दोन पक्षांची नावे, खंडाचा क्रमांक, निवाडेमालेचे संक्षिप्त नाव, पृष्ठ, कंसात न्यायालय आणि वर्ष. हा साचा यंत्राने असंख्य वेळा पाहिलेला असतो, त्यामुळे तो बिनचूक भरता येतो. आत जे भरले त्याला बाहेरच्या जगात काही आधार आहे की नाही हे तपासण्याची सोय वकिलांनी वापरलेल्या संभाषणात नव्हती. मागणी जितकी नेमकी तितके रचलेले उत्तरही नेमके, आणि नेमकेपणा ही वकिलाच्या नजरेत विश्वासार्हतेची खूण असते. हा योगायोग घातक आहे.

अशा रीतीने ‘वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स’ हा अकराव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे फेडरल अपील न्यायालयांचा प्रादेशिक विभाग) अपील न्यायालयाचा २०१९ चा म्हणून सांगितलेला निवाडा तयार झाला. त्याच्या जोडीला इजिप्तएअर, इराण एअर, डेल्टा, केएलएम, युनायटेड अशा खऱ्या विमान कंपन्यांची नावे असलेले आणखी निवाडे आले. १ मार्च २०२३ रोजी कंपनीच्या अर्जाला विरोध करणारे जे निवेदन दाखल झाले, त्यात हे निवाडे अवतरणांसह उद्धृत केलेले होते. ते लिहिताना वकिलांकडे यांपैकी एकाही निवाड्याचा संपूर्ण मजकूर नव्हता; यंत्राने दिलेल्या उताऱ्यांवरच सगळा युक्तिवाद उभा होता.

शंकेचे प्रसंग

१५ मार्च रोजी विमान कंपनीच्या वकिलांनी प्रत्युत्तर दाखल केले आणि उद्धृत केलेल्या निवाड्यांपैकी बरेचसे आपल्याला सापडत नाहीत असे स्पष्ट लिहिले. विमानवाहतुकीच्या कायद्यातच काम करणाऱ्या वकिलांनी एखादा निवाडा सापडत नाही म्हणणे ही किरकोळ कुरबूर नव्हे. वादीच्या बाजूने मात्र काहीही हालचाल झाली नाही. निवेदन मागे घेतले गेले नाही, दुरुस्तीही झाली नाही. ‘वर्गीस’ आपल्यालाही सापडला नाही तेव्हा काय वाटले, असे संशोधन करणाऱ्या वकिलांना नंतर विचारले गेले. यंत्राला तो कुठून तरी मिळाला असेल, तो अप्रकाशित असेल, त्यावर अपील झाले असेल, तो मिळवणे अवघड असेल, असे वाटले. तो रचलेला असू शकेल ही शक्यता मनातच आली नाही, असे त्यांचे उत्तर होते. न सापडण्याचा खुलासा करणारी इतकी कारणे सुचतात आणि सर्वांत साधे कारण सुचत नाही, हे अनुभवी माणसाच्या बाबतीत अधिक घडते, असे मला वाटते.

११ एप्रिलला न्यायालयाने निवाड्यांच्या प्रती सादर करण्याचा आदेश दिला. सही करणाऱ्या वकिलांनी आपण रजेवर असल्याचे सांगून मुदत वाढवून मागितली. प्रत्यक्षात रजेवर होते ते दुसरे वकील, आणि हे असत्य कथन पुढे निकालात गंभीर मानले गेले. २५ एप्रिलला प्रती आल्या. त्या यंत्राकडूनच मिळवलेल्या होत्या. ज्या निवाड्याच्या अस्तित्वाबद्दल शंका होती, त्याची प्रत तो निवाडा सांगणाऱ्यालाच मागितली गेली आणि त्याने ती लिहून दिली. सोबतच्या शपथपत्रात असे म्हटले होते की जोडलेला मजकूर संपूर्ण निकालपत्र असेलच असे नाही, ऑनलाइन संग्रहात उपलब्ध असलेला तेवढा भाग जोडला आहे. तो ‘ऑनलाइन संग्रह’ म्हणजे चॅटजीपीटी आहे हे मात्र लिहिले नव्हते. त्या दिवशी ते लिहिले गेले असते, तर हे प्रकरण बहुधा तिथेच मिटले असते.

जोडलेल्या प्रतींचा मजकूर पाहण्यासारखा आहे. ‘वर्गीस’ची सुरुवात एका मृत प्रवाशाच्या वारसाने लावलेल्या दाव्याने होते. काही परिच्छेदांनंतर वादी बदलतो: आता त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाला विमानात चढू दिले नाही म्हणून करारभंगाचा दावा सुरू असतो. मध्येच लवादाचा उल्लेख येतो. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळल्यावर वादी डावपेच म्हणून दिवाळखोरीच्या सातव्या प्रकरणाचा अर्ज करतो आणि पुढे काही स्पष्टीकरण न देता तीच दिवाळखोरी तेराव्या प्रकरणाखालची होते. शेवट निष्कर्षाविनाच होतो. वादीच्या वकिलांना हवा होता विमान कंपनीच्या दिवाळखोरीचा निवाडा. या मजकुरात दिवाळखोर होतो तो प्रवासी. म्हणजे कोणताही संग्रह न उघडता, हातातली प्रत केवळ सलग वाचली असती तरी ती आपल्या कामाची नाही हे कळले असते. दिलेल्या खंड-पृष्ठ क्रमांकावर प्रत्यक्षात ‘जे. डी. विरुद्ध अझार’ हा वेगळ्याच सर्किटचा, विमानांशी काहीही संबंध नसलेला निवाडा आहे.

‘झिकरमन विरुद्ध कोरियन एअर लाइन्स’चे प्रकरण आणखी फसवे आहे. या नावाचा खरा निवाडा आहे. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला आहे. निवेदनात उद्धृत केलेला मात्र त्याच नावाचा, अकराव्या सर्किटचा, २००८ चा होता, आणि तो अस्तित्वात नाही. नाव ओळखीचे असले की वाचणाऱ्याची नजर पुढे सरकते. पूर्णपणे काल्पनिक नावापेक्षा अर्धे खरे नाव अधिक सहज निसटते. या एका निवाड्याची प्रत वकिलांना सादर करता आली नाही.

न्यायालयाने अकराव्या सर्किटच्या कार्यालयाकडे चौकशी केली आणि ‘वर्गीस’ नावाचा असा निवाडा नाही याची खात्री करून घेतली. ४ मे रोजी कारणे दाखवा आदेश निघाला. सादर केलेल्यांपैकी सहा निवाडे बनावट, त्यांतील अवतरणे बनावट आणि आतले संदर्भही बनावट दिसतात, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर २५ मे च्या शपथपत्रात चॅटजीपीटीचा उल्लेख प्रथमच आला. त्याला जोडलेल्या मोबाइलच्या पडद्याच्या छायाचित्रांत वकिलांनी यंत्राला विचारलेले दिसते: वर्गीस हा खरा निवाडा आहे का? यंत्र म्हणते, होय. तू दिलेले बाकीचे निवाडे खोटे आहेत का? यंत्र म्हणते, नाही, ते खरे आहेत आणि नामांकित कायदेविषयक संग्रहांत सापडतील. ही छायाचित्रे सद्‌हेतूचा पुरावा म्हणून जोडली होती. पण ज्याला पडताळायची गरज वाटली त्याच्या मनात शंका होती, हेही त्यांतूनच सिद्ध होते. आणि ज्या संग्रहांची नावे यंत्र घेत होते तिथे जाऊन पाहणे शक्य होते.

याच शपथपत्रात आपण यंत्राचा उपयोग संशोधनाला ‘पूरक’ म्हणून केला असे विधान होते. न्यायालयाने ते दिशाभूल करणारे मानले, कारण यंत्राखेरीज दुसरे संशोधन नव्हतेच. ज्याला पूरक म्हणायचे असे मूळ काही नव्हते.

निकाल

८ जूनला सुनावणी झाली आणि २२ जून २०२३ रोजी न्यायाधीश पी. केविन कॅस्टेल यांनी निकाल दिला. न्यायालयाने स्वतःहून कारवाई केली असल्याने केवळ निष्काळजीपणा पुरेसा नव्हता. व्यक्तिशः दुष्ट हेतू सिद्ध होणे आवश्यक होते. तो हेतू निवाडे दाखल करण्यात आढळला असे म्हणण्यापेक्षा पुढील टाळाटाळीत आणि असत्य विधानांत आढळला, असे म्हणणे योग्य ठरेल. प्रतिपक्षाचे १५ मार्चचे प्रत्युत्तर मिळाल्यावर वकिलांनी लगेच खरे सांगून टाकले असते तर आजची नोंद बरीच वेगळी दिसली असती, असे निकालपत्रात स्पष्ट म्हटले आहे.

दोन्ही वकील आणि त्यांचे कार्यालय यांच्यावर संयुक्तपणे ५,००० डॉलरचा दंड बसला. त्याशिवाय अशिलाला आणि बनावट निवाड्यांचे लेखक म्हणून ज्यांची नावे वापरली गेली होती त्या प्रत्येक खऱ्या न्यायाधीशाला पत्र पाठवून निकालाची, सुनावणीच्या नोंदीची आणि त्या बनावट मजकुराची प्रत देण्याचा आदेश झाला. माफी मागण्याचा आदेश दिला नाही. सक्तीने मागितलेली माफी ही प्रामाणिक माफी नसते, असे कारण दिले. दंडाची रक्कम मोठी नाही. पण ज्या न्यायाधीशांच्या नावाने आपण खोटे निवाडे दाखल केले त्यांना स्वतःच्या सहीने ते कळवणे ही शिक्षा कोणत्याही वकिलाला रकमेपेक्षा जड वाटेल.

त्याच दिवशी वेगळ्या आदेशाने मूळ दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला.

या प्रकरणाच्या सुमारास इतर न्यायालयांनी घेतलेल्या पवित्र्यांपैकी एक येथे सांगण्याजोगा आहे. टेक्सासच्या उत्तर जिल्ह्यातील न्यायाधीश ब्रँटली स्टार यांनी मे २०२३ च्या अखेरीस वकिलांकडून प्रमाणपत्र मागणे सुरू केले: आपल्या कागदाचा कोणताही भाग असे यंत्र वापरून तयार केलेला नाही, किंवा केला असल्यास तो माणसाने छापील निवाडेमाला अथवा पारंपरिक कायदेविषयक संग्रह पाहून तपासलेला आहे. या शब्दयोजनेत तपासणी कोणी करायची याबरोबरच ती कुठे करायची हेही सांगितले आहे. संभाषणाच्या आत केलेली तपासणी त्यात बसत नाही. पुढे कायद्याच्या कामासाठी खास तयार केलेली, उत्तरापूर्वी खऱ्या संग्रहात शोध घेणारी साधने आली आणि संपूर्णपणे रचलेल्या निवाड्यांचे प्रमाण त्यांत घटले. तरीही स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशा व्यावसायिक साधनांची चाचणी घेतली तेव्हा १७ ते ३३ टक्के उत्तरांत चुकीची किंवा निराधार विधाने आढळली. आता अडचण अशी असते की निवाडा खरा असतो, पण तो जे म्हणतो असे सांगितले जाते ते त्यात नसते. नाव तपासून ही चूक सापडत नाही. निवाडा वाचावाच लागतो.

करारांच्या कामात हेच घडले तर

माटा प्रकरणातील चूक दोन आठवड्यांत उजेडात आली, कारण न्यायालयीन कामाच्या रचनेतच प्रतिपक्ष असतो. प्रत्येक संदर्भ उघडून पाहण्यात त्याचे हित असते आणि त्याच्यावर पुन्हा न्यायालय असते. करार करताना अशी रचना नसते. दोन्ही बाजूंना सही हवी असते, घाई असते, आणि मसुद्यातील चूक ज्याच्या फायद्याची आहे तो ती दाखवून देण्यास बांधलेला नसतो. चूक समजते ती वाद उद्भवल्यावर, बहुधा काही वर्षांनी, आणि तेव्हा ‘यंत्राने असे सांगितले होते’ हे उत्तर कोणापुढेही टिकत नाही, कारण सही करणाऱ्याने करार वाचला आहे असेच गृहीत धरले जाते.

शिवाय चुकीचे स्वरूपही बदलते. करार समोर ठेवून प्रश्न विचारला तर यंत्र सहसा नसलेले कलम रचत नाही; ते असलेल्या कलमाचे अर्धेच सांगते. उदाहरणादाखल एक सेवा करार कल्पू. कलम ९ मध्ये सेवा देणाऱ्याचे एकूण उत्तरदायित्व मागील बारा महिन्यांत मिळालेल्या शुल्काइतके मर्यादित केले आहे. कलम १४ गोपनीयतेचे आहे आणि त्याच्या तिसऱ्या उपकलमाची सुरुवात ‘कलम ९ मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी’ अशी होते. गोपनीयतेच्या भंगाबद्दल पूर्ण नुकसानभरपाई द्यावी लागेल असे ते म्हणते. सेवा देणाऱ्याच्या वकिलाने यंत्राला विचारले की आपले उत्तरदायित्व मर्यादित आहे ना. यंत्र ‘होय, कलम ९ नुसार’ असे म्हणते आणि कलम ९ अचूक उद्धृत करते. उत्तरातला प्रत्येक शब्द खरा आहे. तपासणाऱ्याने कलम ९ उघडून पाहिले तरी ते जुळते. चूक कलम १४ न वाचण्यात आहे, आणि ते वाचावे लागेल हे सुचवणारे उत्तरात काहीच नाही. खात्री वाटावी म्हणून त्याच संभाषणात ‘नक्की का?’ असे पुन्हा विचारले, तर पहिल्याच उत्तराचे ठाम शब्दांत समर्थन मिळण्याची शक्यता अधिक. किंवा, विचारणाऱ्याचा सूर संशयाचा असेल तर, बरोबर असलेले उत्तरही माघारी घेतले जाते. दोन्ही प्रकारांत उत्तर ठरते ते विचारणाऱ्याच्या सुराप्रमाणे. करार तसाच राहतो.

म्हणून प्रश्न उलट्या बाजूने विचारावा: कलम ९ ची मर्यादा कमी करणारे, तिला अपवाद करणारे किंवा तिच्यावर मात करणारे प्रत्येक वाक्य करारातून जसेच्या तसे, कलम क्रमांकासह काढून दे. हा प्रश्न होकार मागत नाही, शोध मागतो. मिळालेले प्रत्येक वाक्य मूळ कागदात साध्या शब्दशोधाने शोधावे. अक्षरशः जुळले नाही तर ते उत्तर बाजूला ठेवावे, अर्थ जवळचा आहे म्हणून स्वीकारू नये. ‘काहीही अंतर्भूत असले तरी’, ‘च्या अधीन राहून’, ‘वगळता’ या शब्दसमूहांचा शोध तर यंत्राशिवायही घेता येतो आणि तो नेहमी घ्यावा. परिशिष्टे व व्याख्या मात्र सलग वाचण्याला पर्याय नाही, कारण ‘शुल्क’ किंवा ‘गोपनीय माहिती’ यांची व्याख्या एका शब्दाने रुंद झाली तर कलम ९ आणि १४ दोन्हींचा अर्थ बदलतो आणि त्यांच्या मजकुरात त्याची खूण दिसत नाही.

मसुदा लिहून घेताना हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. यंत्राने लिहिलेले लवादाचे किंवा नुकसानभरपाईचे कलम वाचायला सफाईदार असते, कारण ती कलमेही निवाड्याच्या संदर्भासारखीच साचेबद्ध असतात. ते कलम या करारातील व्याख्या वापरते की दुसऱ्याच कुठल्या करारातील संज्ञा घेऊन आले आहे, आणि त्यातील ‘कलम १७.२ नुसार’ हा निर्देश या करारात कुठे पोहोचतो, हे पाहण्याचे काम उरतेच. ते कंटाळवाणे काम आहे. पूर्वी कनिष्ठ सहकाऱ्याकडे ते दिले जाई आणि तो चुकला तर वरिष्ठाला विचारता येई की हे कलम कुठून घेतलेस. यंत्राला तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही; तेही उत्तर ते रचूनच देईल.

गोपनीयतेचा मुद्दा माटा प्रकरणात आला नाही, कारण तिथला मजकूर सार्वजनिकच होता. करारांत तो पहिल्याच दिवशी येतो. समोरच्या पक्षाने गोपनीयतेच्या अटीवर दिलेला मसुदा त्रयस्थाच्या सेवेवर चढवणे हा स्वतःच त्या अटीचा भंग ठरू शकतो. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या औपचारिक मत क्रमांक ५१२ मध्ये याच संदर्भात म्हटले आहे की, जे साधन दिलेल्या माहितीवरून स्वतः शिकत राहते त्यात अशिलाची माहिती घालण्यापूर्वी त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी आणि नेमणूकपत्रातील ठोकळेबाज वाक्याने ती मिळाली असे होत नाही. त्याच मताप्रमाणे यंत्रामुळे वाचलेल्या तासांचे शुल्क लावता येत नाही. कार्यालयांना हा भाग गोपनीयतेइतकाच अवघड जाईल असा माझा अंदाज आहे.

यंत्राशी झालेले संभाषण जपून ठेवावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. मोबाइलच्या छायाचित्रांनी माटा प्रकरणातील वकिलांचा बचाव झाला नाही, उलट शंका असल्याची नोंद झाली, म्हणून काही जण संभाषण न ठेवण्याचा सल्ला देतात. मला तो पटत नाही. कोणता प्रश्न विचारला, कोणते उत्तर स्वीकारले आणि ते मूळ कागदात कुठल्या पृष्ठावर, कोणी, कोणत्या तारखेला पडताळले, या तीन रकान्यांची नोंद फाइलमध्ये असली तर सही करणाऱ्याला, तो लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असला तरी, आपण कशाची हमी देत आहोत ते दिसते. तिसरा रकाना रिकामा असलेल्या ओळीवरचे विधान कागदात जाऊ देऊ नये आणि त्या रकान्यात यंत्राचे नाव चालणार नाही. १ मार्चच्या निवेदनासाठी अशी नोंद केली असती तर ‘वर्गीस’च्या ओळीत लिहिण्यासारखे काहीच मिळाले नसते.